पोसव्वाची पालकसभा

चिंतलपेटच्या पोसव्वाला शाळेच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं ते एका कंपासपेटीमुळे. लेक मौनिका सकाळी ती पेटी घरी विसरून गेली होती. ती द्यायला पोसव्वा शाळेत गेली आणि फाटकाच्या आत पाऊल टाकते न टाकते तोच मुख्याध्यापक राजेशम सारांनी तिला हात जोडून सतरंजीवर बसवलं.

त्या दिवशी समितीची निवडणूक होती. पोसव्वाला ते ठाऊक असतं तर तिनं पेटी दुसऱ्या कुणाच्या हाती धाडली असती. चिंचेखाली अंथरलेल्या सतरंजीवर तीन पालक होते. पहिल्याला खरं तर ग्रामपंचायतीत जायचं होतं, तो फाटक चुकला होता. दुसरा मल्लय्या, त्याची ताडी सकाळीच उतरायच्या ऐवजी चढली होती. तिसरा झोपला होता.

"अध्यक्ष म्हणून पोसव्वा अक्कांचं नाव मी सुचवतो," सार म्हणाले. मल्लय्यानं जोरात टाळ्या वाजवल्या, त्यानं तिसरा जागा झाला आणि त्यानंही वाजवल्या.

"अहो सार, पण मला करायचं काय?"

"काही नाही. सही."

"कुठं?"

"जिथं फुली असेल तिथं."

अशी पोसव्वा अध्यक्ष झाली आणि वर्षभर फुलीच्या जागी सह्या करत राहिली. सही तीन अक्षरांची. पहिली दोन अक्षरं ती नीट काढी, तिसरं मात्र दर वेळी ओळीवरून घसरून खाली लोंबकळे. दुसरीतून शाळा सुटली, ती आईनं सूप हातात दिलं म्हणून. तेव्हापासून तिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि बोटांत वळली जाणारी बिडी. तीस वर्षांत बोटं इतकी तयार झाली की त्यांच्याकडे बघावंही लागत नव्हतं. हात कामात, तोंड रिकामं. आणि रिकामं तोंड पोसव्वाला सोसत नसे. गल्लीतल्या बायका म्हणत, "पोसव्वाच्या शेजारी बसलं की टीव्हीची गरज नाही, फक्त आवाज कमी करायचं बटण सापडत नाही."

नवरा भूमन्ना दुबईला इमारतींच्या कामावर. वर्षातून एक महिना गावी येई आणि तो महिना तो ऐकण्यात घालवी. दोघांची एकच मुलगी. तिचं नाव मौनिका ठेवलं ते भूमन्नानं, बाळ पाळण्यात असताना. बाप किती आशावादी होता हे पोरगी बोलायला लागल्यावर गावाला कळलं.

ती मौनिका सातवीत असताना हे सगळं घडलं.

राजेशम सार भाषेचे माणूस. उंच, सडपातळ, पांढरी विजार, खिशाला दोन पेनं. शाळेचं प्रत्येक पत्र ते स्वतः लिहीत आणि लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाचून स्वतःच मान डोलावत. त्या वर्षी त्यांनी पालकांना सहा पत्रं धाडली. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण अभ्युन्नतीस्तव जन्मदात्यांची सक्रिय उपस्थिती प्रार्थनीय आहे' अशी त्यांची सुरुवात असे. सहाही वेळा सतरंजी अंथरली गेली आणि सहाही वेळा तिच्यावर चिंचेची पानं सोडून कुणी बसलं नाही.

"आस्थाच नाही," सार शिक्षकांच्या खोलीत म्हणत. "पोर शाळेत सोडलं की यांची जबाबदारी संपली."

इकडे गल्लीत निराळंच चाललं होतं. पोसव्वाची शेजारीण सायव्वा हिनं पहिलं पत्र बघितलं, त्यावरचा गोल शिक्का बघितला आणि ती कोर्टाची नोटीस समजून तीन दिवस माहेरी जाऊन राहिली. दुसरं पत्र तिनं देवामागे ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. गल्लीतली पत्रं वाचून दाखवायचं काम मौनिकाकडे होतं. तिनं पत्र डोळ्यांसमोर धरलं, ओठ हलवले आणि सांगितलं, "काहीतरी प्रार्थना आहे."

"मग देवामागेच बरं," सायव्वा म्हणाली.

सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं तेव्हा मात्र पोसव्वाची बोटं थांबली. गणिताच्या रकान्यासमोर लाल शाईत काहीतरी लिहिलं होतं.

"हे लाल काय गं?"

"सुधारणा आवश्यक," मौनिकानं वाचलं.

"कशात?"

"ते नाही लिहिलं."

"सायव्वाच्या अखिलाच्या पुस्तकात काय आहे?"

"सुधारणा आवश्यक."

"आणि त्या मल्लय्याच्या पोरीच्या?"

"अगं अव्वा, सगळ्यांच्या तेच आहे. लिंबाद्री सारांचं अक्षर बघ, शेवटी शेवटी किती थकलंय."

पोसव्वानं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती उठली. मौनिकाला आईची ही उठण्याची तऱ्हा ठाऊक होती. ती म्हणाली, "अव्वा, सारांशी भांडू नको हं. ते चांगले आहेत."

"मी कशाला भांडू? मी विचारणार."

"तुझं विचारणंच तसं असतं."

लिंबाद्री सार गणिताचे. चाळिशीचे, ठेंगणे, सज्जन, आणि भलतेच लाजाळू. मुलांना शिकवताना ते फळ्याकडे तोंड करून बोलत, कारण फळा उलट बघत नसे. कुणा मुलाची आई फाटकातून येताना दिसली की त्यांना हमखास प्रयोगशाळेत काहीतरी काम निघे. आज प्रयोगशाळेला कुलूप होतं.

"सार, हे काय लिहिलंय?" पोसव्वानं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"सुधारणा... आवश्यक," सार पुस्तकाला म्हणाले.

"ते कळलं. कशात?"

"गणितात."

"गणितात कशात? बेरजेत, वजाबाकीत, का बसण्या-उठण्यात?"

"एकंदरीत," सार म्हणाले आणि त्यांनी आशेनं प्रयोगशाळेच्या कुलपाकडे पाहिलं.

"हे बघा सार. आमचा कारखान्याचा चेकर आहे ना यूसुफमियाँ, त्याच्याइतका खडूस माणूस तालुक्यात नाही. माझ्या वळलेल्या बिड्या तो माझ्या डोळ्यांदेखत मोडून फेकतो. पण फेकताना तोंडानं सांगतो. ही ढिली आहे, हिचं पान फाटकं आहे, हिचं तोंड उघडं राहिलंय. मी घरी जाऊन तेवढंच नीट करते. तुम्ही बेचाळीस पोरांचा आख्खा ढीग छाट म्हणून बाजूला काढलात आणि दोष कुणाचाच सांगितला नाहीत. आता मी हिला घरी नेऊन काय नीट करू?"

लिंबाद्री सारांनी प्रयोगशाळेचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. त्यांच्या मदतीला राजेशम सार आपल्या खोलीतून बाहेर आले.

"अध्यक्षबाई, आपण सभेला येत नाही आणि इथं वर्गाबाहेर आवाज चढवता? सहा निमंत्रणं धाडली मी!"

"ती निमंत्रणं होती?" पोसव्वाला खरोखरच आश्चर्य वाटलं. "अहो सार, सायव्वा तुमच्या निमंत्रणाला घाबरून माहेरी पळाली! दुसऱ्याला तिनं कुंकू लावलंय."

सारांचा चेहरा उतरला. आपल्या भाषेचा कुणावर तरी परिणाम व्हावा अशी त्यांची फार इच्छा होती, पण असा नव्हे.

"आणि सभा किती वाजता ठेवता?"

"अकरा. सकाळी अकरा."

"अकराला गावातल्या सगळ्या बाया कारखान्याच्या ओसरीवर असतात. बिड्या तपासून घ्यायच्या, उद्याची पानं घ्यायची. रांग सोडली की त्या दिवसाचा माल घरात पडून राहतो. संध्याकाळी ठेवा म्हटलं तर तुमची बस साडेचारला जाते. मग असं करा, तुम्हीच तिकडं या. ऐंशी बाया दोन-दोन तास नुसत्या बसलेल्या असतात. पळून जाणार नाहीत, रांग सुटेल ना!"

"शाळेची सभा? बिडीच्या कारखान्यात?" राजेशम सारांनी दोन्ही पेनं चाचपली. "अशक्य."

अशक्य ते आठवडाभर राहिलं. मग तालुक्याहून शिक्षणाधिकाऱ्यांचा निरोप आला की पालकसभांची नोंदवही घेऊन भेटा. सारांनी वही उघडली. सहा सभा, सहा पानं, प्रत्येक पानावर एकच सही; तिसरं अक्षर ओळीखाली लोंबकळणारं. त्यांनी वही मिटली आणि सातवं पत्र न लिहिता मौनिकाला वर्गातून बोलावून घेतलं.

"बिड्डा, आईला सांग, शनिवारी आम्ही येतो."

शनिवारी अकराला कारखान्याची ओसरी भरली होती. बायका भिंतीला टेकून ओळीनं बसलेल्या, ज्यांचे पंचवीस-पंचवीस बिड्यांचे कट्टे अपुरे होते त्या तिथंच मांडीवर सूप घेऊन उरलेलं काम उरकत होत्या. कात्र्यांची कचकच चालली होती. टोकाला टेबलामागे यूसुफमियाँ, नाकावर चष्मा, बिड्यांवर नजर. त्याला आधी विचारलं होतं. "बैठक घ्या, नाहीतर बारसं करा," तो म्हणाला होता, "माझी रांग मोडली नाही पाहिजे."

राजेशम सार उभे राहिले. त्यांच्या हातात बारा पानांचं भाषण होतं.

"प्रिय मातृमूर्तींनो! विद्यादानाच्या या पवित्र—" आणि सार शिंकले. ओसरीत तंबाखूची धूळ सदाच तरंगत असते. बायकांच्या नाकांना तिची ओळख होती, सारांच्या नाकाला नव्हती. "या पवित्र यज्ञ—" पुन्हा शिंक. "यज्ञकुंडात—"

"पुढची!" टेबलामागून यूसुफमियाँ ओरडला. राजव्वा आपली टोपली घेऊन उठली.

"पालकांच्या अभ्यु... अभ्यु..." या शब्दावर सार सलग चार वेळा शिंकले. बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणाला त्यांच्यावर हसायचं नव्हतं, म्हणून तर पदर लावले. पण पदराआडून हलणारे खांदे दिसत होते. दुसऱ्या पानावर सारांनी भाषणाची घडी केली, रुमालात नाक धरलं आणि हातानं लिंबाद्री सारांना खूण केली: तुम्ही बोला.

लिंबाद्री सारांनी सवयीनं मागं वळून पाहिलं. इथं फळा नव्हता. समोर ऐंशी आया. ते पोसव्वाच्या शेजारच्या रिकाम्या जागी मटकन खाली बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. समोर सायव्वाचं सूप होतं, ती रांगेत गेली होती. सारांचा हात नकळत सुपाकडे गेला. एक पान उचललं, उलटं करून शिरा पाहिली, चिमूटभर तंबाखू पसरली, अंगठ्यानं एक फेरा दिला, दोरा गुंडाळला, नखानं तोंड दुमडलं. बिडी तयार.

कात्र्या थांबल्या.

"सार!" पोसव्वानं बिडी उचलून दोन बोटांत दाबून बघितली. "ही कुणी शिकवली?"

"माझ्या आईनं," सार म्हणाले. त्यांनी दुसरं पान घेतलं होतं. "मेटपल्लीकडे. दहावीपर्यंत रोज दोनशे वळायचो, मग शाळेत जायचो. मला सगळे पाढे बिड्या मोजतच पाठ झाले. पंचवीसचा पाढा आधी आला, दोनचा नंतर."

पहिल्यांदा ओसरी मोकळेपणी हसली. आणि मग नवल झालं. बोटं कामाला लागली तसे लिंबाद्री सार बोलू लागले. मान खालीच होती, पण आवाज सुटला.

"सायव्वा अक्का कुठं आहेत? अक्का, अखिलाची गणितं बरोबर असतात. पण फळ्यावरचे आकडे ती चुकीचे उतरवते. आठाचा तीन करते. मला वाटतं तिला लांबचं दिसत नाही."

"अगं बाई!" सायव्वा रांगेतूनच ओरडली. "सारखे डोळे बारीक करते म्हणून मी तिला मारते की हो! मला वाटलं, मला वेडावते!"

"डोळे तपासून घ्या. तोवर मी तिला पुढं बसवतो. राजव्वा अक्का, तुमची नव्या फार हुशार आहे, पण सोमवारी कधीच येत नाही."

"सोमवारी आठवड्याचा बाजार असतो, धाकट्याला कोण बघणार?"

"सोमवारीच मी नवीन धडा सुरू करतो. आता मंगळवारी करीन."

असं एकेक पोर निघालं. सारांना बेचाळीसच्या बेचाळीस पाठ होती. कोण वजाबाकीत हातचा विसरतं, कुणाला भागाकार आला की पोटात दुखतं, कोण उत्तर बरोबर काढून भीतीनं खोडून टाकतं. इतकं सगळं डोक्यात असलेल्या माणसानं लाल शाईत दोनच शब्द का लिहिले, असं पोसव्वाला वाटलं. ती आपल्या पोरीचं नाव निघायची वाट बघत होती. भांडण तिनं आठवडाभर मनात घोळवून तयार ठेवलं होतं.

"मौनिका," सार म्हणाले आणि थांबले. त्यांच्या हातातली बिडी किंचित ढिली झाली. "मौनिका वर्गात बोलते."

"कुणाची मुलगी!" कुणीतरी मागून म्हणालं.

"सतत बोलते. मी एकदा लपून ऐकलं. ती मागच्या बाकावरच्या पोरींना मीच शिकवलेलं गणित परत समजावून सांगत होती. माझं त्यांना कळलं नव्हतं. तिचं कळलं." सारांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्याच तासाला माझ्यापेक्षा बरं शिकवते, याचा मला राग आला होता अक्का. गुण चांगलेच दिले, पण रागानं शेरा सगळ्यांसारखाच लिहिला."

पोसव्वानं तोंड उघडलं. मग मिटलं. बायका तिच्याकडे बघत राहिल्या. पोसव्वा गप्प बसलेली त्या ओसरीनं कधी पाहिली नव्हती. तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले, आणि काहीतरी करायला हवं म्हणून तिनं कमरेचा फोन काढून नवऱ्याला लावला.

दुबईत दहा वाजले होते, चहाची सुट्टी होती. पडद्यावर भूमन्नाचं पिवळं शिरस्त्राण दिसलं.

"काय झालं? कोण गेलं?" भूमन्ना घाबरून म्हणाला. सकाळच्या वेळी बायकोचा फोन कधी येत नसे.

"कुणी गेलं नाही! शाळेची सभा आहे. सारांशी बोला." तिनं फोन लिंबाद्री सारांच्या नाकापुढे धरला.

"सार, नमस्कार! माझी पोरगी—" आणि रेंज गेली तसा भूमन्ना पडद्यावर तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजला. मिनिटभर तो तसाच राहिला. पोसव्वानं फोन हलवला, वर धरला, दाराकडे नेला. हललेला भूमन्ना म्हणाला, "—तर मग तिला झोडा!"

"कुणाला झोडा? अहो, सार तिचं कौतुक करतायत!"

"मग तूच सांग ना नीट!" भूमन्ना म्हणाला.

हे बघून दुसऱ्या बायकांनीही फोन काढले. घराघरातला बाप्या दुबईत, मस्कतमध्ये, कुवेतमध्ये. ओसरीवर हां हां म्हणता दहा-बारा नवरे आले. राजव्वाच्या नवऱ्यानं पडद्यातून राजेशम सारांना ओळखलं.

"सार! मी लसमन्ना! जगित्यालच्या शाळेत तुम्ही मला सातच्या पाढ्यासाठी उन्हात उभं केलं होतं!"

राजेशम सार रुमाल बाजूला करून पुढे वाकले. आज कुणीतरी त्यांच्याशी आपणहून बोलत होतं. "आता येतो का रे?"

"येतो की! सात सत्ते—" आणि लसमन्ना थिजला. ओसरी पोट धरून हसली, आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं राजेशम सार हसले. एवढंच काय, यूसुफमियाँनंही बिड्यांवरची नजर काढून एकदा वर पाहिलं. पुढं त्यानं तक्रारही केली, की सभेच्या दिवशी हसण्याच्या नादात छाट दुप्पट निघते, तेव्हा सभा महिन्यातून एकदाच घ्या.

तशी ती दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरू लागली. शिक्षणाधिकाऱ्यांनी वही पाहिली. एका पानावर बहात्तर सह्या आणि अंगठे. ठिकाणाच्या रकान्यात राजेशम सारांनी 'सामूहिक श्रमकेंद्र' असं लिहिलं होतं. अधिकाऱ्यांना ते काय आहे हे समजलं नाही, म्हणून त्यांनी 'उत्तम' असा शेरा मारला.

अखिलाला चष्मा लागला. लाल शाईचा शेरा आता दोन ओळींचा झाला. आणि राजेशम सार पत्र लिहिलं की आधी पोसव्वाच्या ओट्यावर येऊन बसू लागले. ते वाचत, ती बिड्या वळत ऐके.

"सार, 'अभ्युन्नती' म्हणजे काय हो?"

"प्रगती."

"मग प्रगतीच लिहा की. जागा पण कमी लागते."

सार सुस्कारा टाकून तो शब्द खोडत. पण खोडलेले शब्द ते एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवत, वाया जाऊ नयेत म्हणून.

दोन वर्षं संपली आणि समितीची निवडणूक पुन्हा आली. पोसव्वानं नवी साडी नेसली. आपल्याला पुन्हा हात जोडून बसवतील अशीच तिची समजूत होती. पण या वेळी चिंचेखाली सतरंजी पुरली नाही. उमेदवारच पाच निघाले. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, मोजल्या गेल्या, आणि पोसव्वा दोन मतांनी हरली. निवडून आली सायव्वा.

पोसव्वाला हे फार लागलं. आठ दिवस ती सायव्वाशी बोलली नाही. तिच्यासाठी हे अवघड होतं आणि सायव्वासाठी त्याहून अवघड. शेजारी इतकी शांतता झाली की सायव्वाला झोप येईना. शेवटी ती अंबाडीची चटणी घेऊन ओट्यावर आली.

"अगं, मला सभेत बोलायचं काय ते सांग ना."

"मला काय विचारतेस? अध्यक्ष तू," पोसव्वा म्हणाली. पण चटणी तिनं घेतली.

दुसऱ्या शनिवारी ओसरीवर सायव्वा उभी राहिली. हातात राजेशम सारांचा कागद, तोंडातून शब्द नाही. मागच्या भिंतीला टेकून पोसव्वा बिड्या वळत होती. तिनं बराच वेळ सोसलं.

"अगं, मोठ्यानं बोल!" ती म्हणाली. "आणि कागद सुलटा धर!"